रोक्काकू पतंगावरून फोटो: पतंग झकास, चक्री भिकार

दिवाळीपासून हा संच वापरतोय. दोन मीटरचा रोक्काकू (जपानी षटकोनी पतंग), धाग्याला पिकावे (कॅमेरा पातळीत ठेवणारी दोऱ्यांची टांगणी) आणि त्यात छोटा ॲक्शन कॅमेरा. लिहायला बसलोय ते धागा गुंडाळायच्या चक्रीमुळे.

रविवारी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळ-पठारावर होतो. पतंग खाली घेताना चक्रीची कड दांड्यापाशी तडकली आणि दोन तुकडे हातात आले. कॅमेरा वर हवेत! मित्राने चामडी हातमोजे घातले होते म्हणून धागा धरता आला. मग धागा मोटरसायकलच्या कॅरिअरला बांधला, धाग्यावर कप्पी अडकवली आणि ती दाबत पतंगाच्या दिशेने चालत गेलो, तेव्हा कुठे पतंग उतरला. विक्रेत्याचं उत्तर, "पतंग खेळण्यात मोडतो, खेळण्याला वॉरंटी नसते." ज्याच्या भरवशावर महागडा कॅमेरा आकाशात सोडायचा, ते खेळणं?

दोष साधा आहे. सोबत देतात तो धागा नायलॉनचा. नायलॉन ओढीने लांबतो. तसाच ताणलेला गुंडाळला की आकसताना चक्रीचा गाभा आवळतो, आणि प्रत्येक वेढा त्यात भर घालतो. पोकळ प्लास्टिक किती तग धरणार? विणलेला डेक्रॉन (पॉलिएस्टरचा धागा) बराच कमी ताणतो, तो द्यायला काय हरकत होती? शिवाय जांभ्याचा कातळ धागा खातो. जमिनीला घासलेला भाग नखाखालून सरकवून बघा, बारीक तुसं लागतात. तेवढा तुकडा मी कापूनच टाकतो.

पिकावेबद्दल मात्र मत बदललं. 1912 सालची ती फ्रेंच जोडणी मला आधी दोऱ्यांचा फुकटचा गुंता वाटायची. कॅमेरा थेट धाग्याला टांगून पाहिला, तर क्षितिज प्रत्येक फोटोत कलतं. पिकावेत तो पातळीत राहतो. पतंगापासून वीसेक मीटर खाली बांधलं की हिसकेही कमी बसतात. शटरचा वेग 1/1000 सेकंदापेक्षा मंद ठेवू नका.

आणि फोटो! कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब. शेजारी उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात. तीस-चाळीस मीटरवरून अख्खा हत्ती दिसतो, त्याच्या पोटात कोरलेले प्राणीही. उतरत्या उन्हात खाचांत सावली भरते तेव्हा रेषा उठून येतात, आणि खारा वाराही त्याच वेळी लागलेला असतो. बॅटरी संपेल म्हणून ड्रोन घाईघाईने उतरवायची धाकधूक नाही. पतंग तासभर तिथेच उभा. यासाठी मी हा संच पुन्हा घेईन.

पण चक्री नको. आमच्या सुताराने सागवानी गाभा आणि प्लायच्या कडा लावून करून दिली, तीही नव्या प्लास्टिकच्या चक्रीपेक्षा स्वस्तात. संच घेणार असाल तर धागा-चक्री वगळून भाव मागा. मला ते नाकारलंय, तक्रार अजून चालू आहे.