भुसावळच्या उन्हाळ्यात टिकलेलं मेण: सुगंधी टार्टांचे दहा महिने

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मी घरी सुगंधी टार्ट करायला घेतले. टार्ट म्हणजे मेणाची छोटी वडी, वात नसलेली. बर्नरवरच्या वाटीत टाकायची, खाली पणती किंवा विजेचा दिवा, मेण वितळलं की वास घरभर. पहिली खेप साच्यातून काढली तेव्हा सासूबाईंनी एक वडी उचलून विचारलं, "हाई काय शे वं, बर्फी शे का?" दिसायला खरंच बर्फीसारखीच होती.

आता श्रावण आलाय. या दहा महिन्यांत चार प्रकारची मेणं वापरली, किलोभर तरी वाया घालवली. मेणाबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पण लिहिणारे बहुतेक थंड हवेतले. त्यांच्या घरात २५ अंश तापमान असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी गॅलरीतल्या नळाला चटका बसतो. तिथल्या सल्ल्यावर इथं टार्ट करणं म्हणजे पुण्याच्या घड्याळावर इथली पेरणी करण्यासारखं आहे.

सुरुवात सोयाच्या मेणानं केली, कारण सगळे तेच सांगतात. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेलं असतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत मधमाशीच्या मेणाला स्वस्त पर्याय म्हणून ते पुढं आलं. पांढऱ्या पापड्यांसारखं येतं, हाताला साबणासारखं लागतं, भांडं गरम पाण्यानं आणि साबणानं निघतं. हे शेवटचं सुख किती मोठं, ते पॅराफिनचं भांडं घासल्यावर कळतं.

पण मी घेतलं ते काचेच्या ग्लासात ओतायचं सोया. वितळणांक ४८ ते ५० अंश. मुद्दाम मऊ ठेवलेलं, काचेला चिकटून बसावं म्हणून. साच्यातून सुटून स्वतःच्या पायावर उभं राहणारं सोया वेगळं असतं. त्याला विकणारे पिलर किंवा मेल्टसाठीचं मेण म्हणतात आणि ते जरा उशिरा वितळतं. हे मला दीड किलो संपल्यावर कळलं. घेताना पिशवीवरची फुलं-पानं पाहू नका, वितळणांकाचा आकडा पाहा. तो लिहिलेलाच नसेल तर विचारा, सांगत नसतील तर दुसरीकडे जा.

दुसरी चूक घाईची. ओतल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक वडी लावली, वास जेमतेम. मेणाला शिव्या घालून डबा कपाटात टाकला. पंधरा दिवसांनी सहज एक लावली तर मोगरा थेट ओट्यापर्यंत. सोयात वास मुरायला दहा ते चौदा दिवस लागतात. लोणच्यासारखंच आहे, घातल्या दिवशी खाऊन नावं ठेवायची नसतात.

थंडीत मात्र सोयानं मन जिंकलं. १०० ग्रॅम मेणाला ८ ग्रॅम सुगंध ते सहज पोटात घेतं. डिसेंबरात आमच्याकडे भरिताचा हंगाम. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली की तो धूर पडद्यांत दोन दिवस मुक्काम करतो. (मला तो आवडतो, पण सकाळी क्लासची मुलं येतात.) गवती चहाच्या दोन वड्यांनी तासाभरात घर मोकळं झालं. एकच खोट: गार झाल्यावर वडीवर पांढरी, दवासारखी बुरी चढते. सोयाचा तो स्वभावच आहे, बिघाड नव्हे. कुणाला भेट द्यायच्या असतील तर रंग घालू नका, रंगात ती जास्त उठून दिसते.

पॅराफिन जळगावच्या बाजारातून आणलं, ५८-६० नंबरचं, म्हणजे तितक्या अंशाला वितळणारं. दिवाळीत मेणबत्त्या करणारे हेच नेतात. पाट्यांसारखे तुकडे येतात, फोडायला बत्ता लागतो. कच्च्या तेलापासून होतं, आपल्या देशात आसामातल्या दिग्बोई आणि नुमालीगड इथल्या रिफायनऱ्यांत काढतात. किमतीला सोया मला याच्या जवळपास दुप्पट पडलं. आणि वास? खरं सांगते, ताकदीत सोया याच्या जवळ येत नाही. दोन दिवसांत तयार, वडी गुळगुळीत, कडा काचेसारख्या.

फक्त याच्या गळी उतरेल तेवढंच घालायचं. लोभानं ८ टक्के सुगंध घातला तर सकाळी वड्यांना घाम फुटलेला, तळाशी तेलाचं थारोळं. कारण असं की जितकं जास्त शुद्ध केलेलं पॅराफिन, तितकं ते सुगंधाचं तेल कमी धरून ठेवतं. ५ टक्क्यांवर आणलं, घाम बंद.

इथं एक भांडण मिटवून टाकते. पॅराफिन म्हटलं की लोक काजळीची भीती घालतात. काजळी येते वातीच्या ज्योतीतून. टार्टमध्ये मेण पेटतच नाही, नुसतं वितळतं. त्यामुळे मेणबत्तीचा तो वाद इथं अर्धाअधिक लागूच होत नाही. काजळी असलीच तर खालच्या पणतीची. सोया शेतातून येतं आणि पॅराफिन तेलविहिरीतून, एवढ्यासाठी सोया निवडायचं तर जरूर निवडा, ते कारण खरं आहे.

मधमाशीचं मेण सातपुड्याकडच्या ओळखीच्या माणसाकडून मिळालं. आग्या मोहोळाचं, काळपट, काड्याकचऱ्यासकट. गरम पाण्यात वितळवून जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं. रंग गुळासारखा झाला आणि वास इतका गोड की त्यात मोगरा घालणं म्हणजे दोन सुगरणींना एका चुलीवर बसवणं. दोघी एकमेकींना चालू देत नाहीत. वितळणांक ६२ ते ६५, त्यामुळे पणतीच्या बर्नरवरही सावकाश उतरतं. एकट्याचे टार्ट करू नयेत असं माझं मत. पण थोडं टेकू म्हणून घालायला उत्तम, ते पुढं सांगते.

नारळाच्या मेणाबद्दल एकच वाक्य: फेब्रुवारीतच ते लोण्यासारखं झालं, खान्देशात त्याच्या नादी लागू नका.

खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झाली. नणंद दरवर्षी आखाजीला येते, तिच्यासाठी आठवडाभर आधी सोयाच्या वीस वड्या करून माळ्याखालच्या कपाटात ठेवल्या होत्या. वर पत्र्याची शेड. ती आली, झोका बांधला, मांडे झाले, आणि मी कौतुकानं डबा उघडला तर आत वड्या नव्हत्याच. खालचा कागद तेलकट आणि वर एकसंध पांढरी पोळी. सोया एका ठरावीक अंशाला पटकन वितळत नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून मऊ पडत जातं. वितळणांक ४८ लिहिलाय म्हणून ४४ ला सुरक्षित, हा हिशोब चुकतो. त्याच आठवड्यात नंदुरबारच्या मैत्रिणीला कुरिअरनं पाठवलेल्या वड्यांचाही गोळा झाला. तिनं फोटो पाठवला आणि विचारलं, हे कशावर वाटायचं?

मग मे महिना सगळा मिश्रणात गेला. आधी सोयात स्टिअरिक अ‍ॅसिड घातलं, कारण ते ६९ अंशाला वितळतं, म्हणजे कडकपणा येणार. आला, पण माझ्या वड्या बत्ताशासारख्या तडकल्या. प्रमाण चुकलं असेल, पुन्हा केलं नाही. शेवटी जमलं ते असं: पॅराफिन ६० ग्रॅम, पिलरचं सोया ३० ग्रॅम, गाळलेलं मधमाशीचं मेण १० ग्रॅम आणि सुगंध ६ ग्रॅम. याच कपाटात, याच पत्र्याखाली, मेच्या शेवटच्या आठवड्यात वड्यांना बोटाचे ठसे उमटले, पण आकार सुटला नाही. चार दिवस मुरू द्यायच्या. मधाचा वास मागं हलकासा राहतो, चंदन आणि वाळ्याबरोबर तो शोभतो, लिंबाबरोबर नाही.

मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मी एकदा आळस करून थेट गॅसवर ठेवलं आणि फोन घ्यायला गेले. परत आले तर स्वयंपाकघरात धूर. पेटलं नाही हे नशीब. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण टाकायचं. सुगंध मी ८० अंशाच्या आसपास घालते, दोन मिनिटं हळू ढवळते आणि ६५ च्या खाली आल्यावर ओतते. पातळ प्लास्टिकचे साचे त्याहून गरम मेणानं वाकडे होतात. साध्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरवर भागतं.

सुगंध मेणबत्तीसाठीचाच, तेलात विरघळणारा घ्या. अंगावर मारायचा स्प्रे चालत नाही. त्यात अल्कोहोल असतं, ते मेणात मिसळत नाही आणि आगीजवळ धोक्याचं. व्हॅनिला घातलेल्या वड्या महिन्याभरात तपकिरी पडतात, वासाला काही होत नाही.

आणखी एक स्थानिक अडचण. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर. त्याच्या वाऱ्यात कुठलाही टार्ट टिकत नाही, त्यातून जाळ्यांना वाळा लावलेला असेल तर तुमच्या वडीला विचारतो कोण? मी त्या दोन महिन्यांत फक्त रात्री, कूलर बंद केल्यावर लावते. वीज गेली की विजेचा बर्नर थंड, म्हणून पणतीचाही एक ठेवलाय. पणतीवर मेण जास्त तापतं, वास लवकर उडतो. विजेच्या बर्नरवर एक वडी मला तीन संध्याकाळी पुरते, पणतीवर दोन.

वास संपला तरी मेण वाटीत तसंच राहतं, ते उडून जात नाही. हे नव्याला माहीत नसतं, मग चमच्यानं खरवडणं आलं. सोपा उपाय आपल्या दाराशीच आहे: मेण पातळ असताना कापसाचा बोळा टाकायचा, तो सगळं पिऊन घेतो. माझे मेणाळलेले बोळे सासूबाई जुन्या डालड्याच्या डब्यात साठवतात आणि पहाटे बंब पेटवायला घेतात. म्हणतात, एका बोळ्यात पेटतो, रॉकेल लागत नाही, आणि मोरीत मोगरा फुलतो तो वेगळाच.