शालेय वर्णभेदावरील तक्त्यांचा संच: निकालापर्यंत सरस, पुढे घाईचा

अमेरिकेतील सरकारी शाळांमधला वर्णभेद हटवण्यासाठी झालेल्या लढ्यावरचा बारा भित्तितक्त्यांचा हा संच आम्ही बेळगावच्या खडे बाजारातून शाळेसाठी विकत घेतला. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत, आठवी ते दहावीच्या वर्गांत तो लावल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. प्रत्येक तक्त्यावर मराठीखाली कन्नड मजकूर असल्यामुळे त्याच आवारातील कन्नड माध्यमाच्या मुलांनाही तो वाचता आला. ही सोय सीमाभागात किती कामाची आहे, हे इथल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

संचातील सर्वांत सरस तक्ता दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्याचा आहे. तिथे गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी स्वतः पैसे जमवून एक जुनी गाडी घेतली, तेव्हा तिच्या इंधनाचा खर्च उचलण्यासही शिक्षण खात्याने नकार दिला. जांबोटीकडून रोज बसने येणाऱ्या एका मुलीने यावर लगेच विचारले, "सर, मग तेल कोण घालायचं?" याच मागणीतून उभ्या राहिलेल्या दाव्यात पहिले नाव देणाऱ्या हॅरी ब्रिग्ज यांची नोकरी गेली, हेही तक्त्यावर आहे. व्हर्जिनियातील फार्मव्हिलच्या मोटन हायस्कूलमध्ये डांबरी कागदाच्या खोपटांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने घडवलेला संपही तितक्याच जिव्हाळ्याने मांडला आहे.

१८९६ च्या 'वेगळे पण समान' (सोयी सारख्या असतील तर गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणे कायदेशीर) या तत्त्वापासून, सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ मे १९५४ च्या एकमुखी निकालापर्यंतचा कायदेशीर भाग नेटका आहे. काळ्या पालकांचे वकील थर्गुड मार्शल यांचा युक्तिवाद आणि काळी मुलेही बहुधा गोरी बाहुलीच पसंत करतात हे दाखवणारा मानसशास्त्रज्ञ क्लार्क दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग यांना प्रत्येकी एक पूर्ण तक्ता दिला आहे, जो मला थोडा जास्तच वाटला.

त्यानंतर मात्र मांडणी धावू लागते. न्यायालयाने १९५५ मध्ये अंमलबजावणीसाठी मुदतच ठरवून दिली नाही, आणि त्या फटीतून विरोधकांनी वर्षानुवर्षे कसे निभावून नेले, हा खरा गाभा एका ओळीत संपतो. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे गोऱ्यांच्या शाळेत दाखल झालेल्या नऊ काळ्या विद्यार्थ्यांसाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले, ते चित्र ठळक आहे; पण फार्मव्हिल ज्या परगण्यात येते, त्या प्रिन्स एडवर्डने एकत्र शाळा चालवण्याऐवजी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या, याचा उल्लेख कुठेच नाही. बार्बराचा तक्ता मन लावून वाचलेल्या मुलाला तिच्या गावाचे पुढे काय झाले, हे कळलेच पाहिजे. शाळा एकत्र होताना हजारो काळ्या शिक्षकांना नोकरीवरून काढले गेले, तेही गाळले आहे. शिक्षकांसाठीच्या साहित्यात ही उणीव विशेष खटकते.

मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झालेल्या बोले ठरावाची चौकट शेवटच्या तक्त्यावर आहे. सार्वजनिक विहिरींबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या करणारा हा ठराव, आणि बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे ठराव आणि प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतरावर वर्गात बरीच चर्चा झाली.

कागद पातळ आहे आणि पावसाळ्यात कडा मुरडतात, म्हणून लॅमिनेशनचा खर्च गृहीत धरूनच संच घ्यावा. पुढील आवृत्तीत बाहुल्यांचा तक्ता अर्ध्यावर आणून ती जागा प्रिन्स एडवर्डच्या बंद शाळांना द्यावी, अशी प्रकाशकांना विनंती आहे.