पैलूदार सैनिकी बस्टसाठी मिलिपुट सुपरफाईन व्हाइट : नागपूरच्या उन्हात कशी चालते

सैनिकांचे छोटे अर्धपुतळे, म्हणजे बस्ट, हुबेहूब न करता पैलू पाडून, नळ्या-शंकूंत मोडून किंवा नाकडोळे मुद्दाम वाढवून घडवायचे असतील, तर मिलिपुट सुपरफाईन व्हाइट ही दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी घ्या. हुबेहूब चेहऱ्यासाठी आणखी चार गोष्टी चालतात. सपाट पातळ्या आणि त्यांच्यामधली धारदार कड हवी असेल, तर मात्र माल घट्ट झाल्यावर कापता, तासता आणि घासता आला पाहिजे. ते काम ही पुट्टी मऊ दगडासारखं करू देते.

माल वेल्समध्ये बनतो. ११३ ग्रॅमच्या पॅकमध्ये दोन कांड्या येतात. दोन्हींचे सारखे तुकडे कापायचे आणि पाच मिनिटं मळायचे. या प्रकारात दोन्ही कांड्यांच्या रंगात फारसा फरक नसतो, त्यामुळे रेघा दिसेनाशा झाल्या म्हणजे मिसळलं असं समजू नका, घड्याळ लावा. कमी मळलेला किंवा कमी-जास्त भागाचा गोळा वरून घट्ट वाटतो आणि आत चिकट राहतो. हे कळतं ते दुसऱ्या दिवशी पाते फिरवताना, कडेचा लचका निघाल्यावर.

साधारण तापमानात मळल्यावर तासभर काम करता येतं आणि तीन-चार तासांत पुट्टी घट्ट होते. हा हिशेब थंड देशातल्या खोलीचा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रसायनांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ आणि बंद खोलीत ३८-४० अंश असताना तुमच्या तासाची पंधरा-वीस मिनिटं उरतात. म्हणून मे महिन्यात एका वेळी वाटाण्याएवढे दोनच तुकडे मिसळा. जास्त मळलं गेलंच, तर उरलेला गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका, काही वेळ टिकतो. हत्यार बुडवायला माठातलं पाणी घ्या. बारीक काम पहाटे उरका. याच उन्हाचा फायदाही आहे. सकाळी लावलेला थर दुपारी घासण्याजोगा होतो आणि एका दिवसात दोन-तीन थर चढतात. डिसेंबरच्या थंडीत तोच थर रात्रभर ठेवावा लागतो, किंवा टेबललॅम्पखाली ऊब द्यावी लागते.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणाला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतला अरब शिपाई घेऊ. नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत लहान टेकडी घेणारे हेच. १/१० मापात हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं २३ मिलिमीटर येतं. ३ मिलिमीटरची पितळी सळई लाकडी ठोकळ्यात उभी रोवा आणि तिच्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा १३ मिलिमीटर उंच अंडाकार गाभा करा. फॉइल पक्कडने घट्ट दाबा. सैल राहिली तर पुढे पात्याच्या दाबाने आत बसते आणि वरची पुट्टी तडकते. त्यावर २ मिलिमीटरचा पहिला थर चढवा, पूर्ण घट्ट होऊ द्या आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा. गुळगुळीत थरावर पुढचा थर धरत नाही, नखाने सोलून निघतो.

दुसरा थर ३ मिलिमीटरचा. इथे हात आवरावा लागतो. ही पुट्टी पाण्याने सुंदर गुळगुळीत होते, पण पाण्याचं बोट फिरलं की कड गोल होते, आणि आपल्याला नेमकी तीच गोलाई नको असते. शिवाय जास्त पाण्याने वर दुधासारखा राप येतो. तो वाळला की खडूसारखा भुसभुशीत थर राहतो, आणि पुढचं काम त्याच्यासकट उखडतं. तेव्हा या थरावर फक्त आकार बसवा. पुट्टी चामड्यासारखी झाली, म्हणजे नख टेकवल्यावर खूण उमटते पण चिकटत नाही अशा वेळी, क्राफ्ट नाइफच्या नव्या, टोकदार ११ नंबरच्या पात्याने पातळ्या कापा. ही वेळ उन्हाळ्यात मळल्यापासून साधारण अर्ध्या तासात येते, हिवाळ्यात दीड-दोन तासांनी. पाते एका झटक्यात आरपार न्या. करवतीसारखं मागेपुढे केलं तर पातळीवर लाटा उठतात.

पैलू कुठे पाडायचे हा प्रश्न हत्याराचा नाही, हाडांचा आहे. कपाळाच्या तीन पातळ्या, भुवईचं हाड, गालफडाची वरची आणि खालची पातळी, नाकाचा माथा, दोन बाजू आणि तळ, जबड्याचा कोन. कवटीची ही वळणं जिथे आहेत तिथेच कड यायला हवी. वाटेल तिथे कापलं तर चेहरा फोडलेल्या बटाट्यासारखा दिसतो आणि शैलीच्या नावाखाली खपत नाही. इतिहासाच्या बाबतीतही तसंच. पागोट्याची बाह्यरेषा, मिशीचा कल, अंगरख्याचा गळा आणि बंद, कमरबंदात खोचलेला जंबिया म्हणजे वाकडा खंजीर, ही ओळखीची चिन्हं आहेत. ती सोपी करा, पण बदलू नका. चिलखताच्या शेकडो कड्या या शैलीत ओरखडत बसू नका, आडव्या-तिरक्या समांतर रेषांनी काम होतं. शस्त्रांची प्रमाणं तपासायला अजब बंगल्यातलं, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातलं, शस्त्रांचं दालन जवळच आहे.

पूर्ण घट्ट झाल्यावर घासणं. पॉलिश पेपर बोटावर धरू नका, कड गेलीच म्हणून समजा. आइसक्रीमच्या काडीला पेपर चिकटवा. ४००, मग ६००, मग १००० नंबर, सगळं ओलं. दोन शेजारच्या पातळ्यांपैकी एक पूर्ण संपवूनच दुसरीला हात लावा. कड शेवटी आपोआप उभी राहते, तिला वेगळं धार लावायची गरज नाही. मला ही पुट्टी आवडते ती याच टप्प्यासाठी. कपाळाच्या कडेवर दिव्याचा उजेड एका रेषेत तुटतो, आणि अजून रंग लागलेला नसताना चेहऱ्याला बाणा येतो.

सीताबर्डीच्या लढाईत दुसऱ्या बाजूचा, इंग्रजांच्या मद्रास पायदळाचा शिपाई नळ्या-शंकूंच्या शैलीत छान बसतो. उभी घट्ट कॉलर म्हणजे नळी आणि छातीवरचे फुलीचे पांढरे पट्टे म्हणजे सपाट फिती. फिती अर्धा मिलिमीटर जाड लाटून वेगळ्या घट्ट करून चिकटवा, मूळ छातीवर कोरू नका. अतिशयोक्तीच्या शैलीला तर नागपूरकरांनी लांब जायला नको. मारबत म्हणजे मिरवणुकीत निघणारा भव्य पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. दुरून, गर्दीतून ओळखू यावा असा चेहरा कसा वाढवायचा, ते तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नीट पाहून घ्यावं. डोळे वाढवले तर पापणीची कड जाड ठेवा, कारण या पुट्टीची कमजोरी तिथेच आहे.

ती कमजोरी म्हणजे ठिसूळपणा. १ मिलिमीटरपेक्षा पातळ भाग, मग तो पागोट्याचा सुटा शेव असो की मिशीचं टोक, पडला की तुटतो. अशा भागांसाठी निम्मी ग्रीन स्टफ मिसळा. निळ्या-पिवळ्या पट्टीची ही पुट्टी रबरासारखी लवचिक राहते. एकटी वापरली तर पैलूंना कुचकामी, कारण घासली की तिचे धागे निघतात. मिश्रणात मात्र लवचिकपणा येतो आणि पाते अजूनही चालतं.

एम-सील कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळते आणि कितीतरी स्वस्त पडते. छातीचा गाभा, तळाचा भराव यासाठी बिनदिक्कत वापरा. चेहऱ्यासाठी तिचा दाणा जाड आहे. भाजायची पॉलिमर क्ले घाई करत नाही हे खरं, पण इथल्या उन्हाळ्यात ती हातात लोण्यागत होते. मे महिन्यातल्या पार्सलमध्ये दिवसभर तापली तर अर्धवट भाजल्यासारखी कडक होऊन येऊ शकते. मागवायचीच तर दिवाळीनंतर मागवा.

प्रायमरचं वेगळं सांगायला हवं, कारण महिनाभराचं काम तिथे वाया जातं. उन्हाळ्यात दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पातळ्यांवर वाळूसारखी खरखर बसते. पावसाळ्यात किंवा कूलरच्या ओल्या झोतात पांढरी धुरकट साय येते. कूलर बंद करून, सकाळी, पातळ दोन हात द्या. ब्रशने लावायचा प्रायमर त्याहून बिनधोक.

हाताला नायट्राइल ग्लोव्हज हवेत. न मुरलेल्या इपॉक्सीची काहींना ॲलर्जी होते आणि एकदा झाली की कायमची राहते. कोरडं घासलं तर मास्क लावा.

किंमत ही एकच खरी तक्रार. परदेशी माल, ऑनलाइन मागवावा लागतो, आणि विक्रेत्यागणिक दर बदलतो. तरी फॉइलचा गाभा घातला तर १/१० मापाचे तीन बस्ट एका पॅकमध्ये होतात. पॅक आला की दोन्ही कांड्या दाबून बघा. वरची साल कडक झाली असेल तर ती पातळ कापून टाका, आतला भाग चालतो. साल तशीच मळली तर तिचे कण नेमके गालाच्या पातळीवर वर येतात आणि घासताना खड्डे पडतात. आतपर्यंत भुगा होत असेल तर पॅक परत करा.