गिटारचा नेक करून घ्यायचा असेल तर: सावंतवाडीतलं एक रंधा-मशीनचं दुकान

पाचपैकी चार तारे. एक करवतीसाठी कापलाय, ते पुढे येईलच.

मी कुडाळला एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. वर्नियर आणि फट मोजायचं फीलर गेज रोज हातात असतात, रंधा कधीच नव्हता. तरी हौस अशी की इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे तारा ज्यावरून जातात ती लांब मान, स्वतः उभं राहून करून घ्यायचा. आजोळचं घर उतरवलं तेव्हा सागाची एक तुळई मिळाली होती, आणि मोडक्या पलंगाचा शिसवी पाय होता. त्यातून फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवर चिकटवायची बोटांखालची पट्टी, निघेल असा माझा हिशोब.

पहिला प्रयत्न गेल्या वर्षी दुसऱ्याच एका वर्कशॉपमध्ये फसला. नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी. मी कागदावर तयार नेकचा आकार काढून दिला: नटपाशी (डोक्याकडच्या, तारा टेकतात त्या पट्टीपाशी) ४२ मिमी, शेवटाला ५६ मिमी. त्यांनी तो आकार आधी बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) कापून टाकला, तोही अंदाजाने, आणि मग ट्रस रॉडची, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत बसवायच्या सळईची, खाच मारायला घेतली. खाच कोरणाऱ्या राउटर मशीनचं गाईड फळीच्या कडेला टेकून चालतं. कडाच तिरकी, तर खाच मधोमध कशी जाणार? शेवटाला ३ मिमी बाजूला गेली. ते लाकूड आता आमच्याकडे दाराला अडसर म्हणून आहे, आणि दार छान बंद होतं.

सावंतवाडीचं हे दुकान मोती तलावापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. वरती नावाचा बोर्ड नाही, बाहेर भुशाची पोती दिसली की तेच. मेस्त्रींनी गिटार जवळून कधी पाहिलेली नव्हती. तुळई बघून पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवलं. तीन ठिकाणी चिकटलं. "खिळो असलो तर पातां गेलां," म्हणाले आणि पटाशीने तिन्ही खिळे उकरून काढले. त्याशिवाय मशीन चालूच केलं नाही. नंतर माझ्याकडे वळून, "कागद हाडलंस काय?"

कागद होता. त्यावर कामाचा क्रम मी लिहिला होता, आणि खरं सांगते, पहिल्या फजितीनंतरही तो चुकलेलाच होता. मागची गोलाई चौथ्या नंबरावर होती. मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून ती थेट तळाला नेली. "गो बाय, गोल केल्यावर ह्यां टेबलार बसतला कसां?" हे मला सुचायला हवं होतं. पाठ सपाट आहे तोवर फळी टेबलावर पसरून बसते, क्लॅम्पमध्ये हलत नाही, फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकताना खालून पूर्ण आधार मिळतो. एकदा गोल केली की प्रत्येक कामाला वेगळा पाळणा करावा लागतो.

मग एकेक ओळ वाचत गेले. प्रत्येक ओळीला प्रश्न एकच: ह्या कामाला टेकायला काय लागतं? ट्रस रॉडच्या खाचेला समांतर कडा लागते, म्हणून ती आकार कापण्याआधी. ट्युनरच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या, १० मिमी भोकांना सपाट डोकं लागतं, म्हणून ती हेडस्टॉक (नेकचं हे डोकं) पातळ करण्याआधी, तेही स्टँडच्या ड्रिलवर. फ्रेटच्या चिरांना काटकोन लागतो, म्हणून शिसवी पट्टी आयताकृती असतानाच. हे शेवटचं मी सांगितलं आणि त्यांनी लगेच मान डोलावली. आतापर्यंत मीच शिकत होते, तेवढं एक माझ्या खात्यात. आमचा साग ७०० बाय ९० बाय २० मिमीचा चौकोनी ठोकळा म्हणून दीड दिवस तसाच राहिला आणि सगळी नाजूक कामं त्या दीड दिवसात उरकली.

मध्येच त्यांनी विचारलं, "रॉड मागसून घातलो तर?" चहा पिता पिता मी सांगितलं की फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने १९५० च्या दशकात अगदी तेच केलं होतं. मेपलचा अख्खा एक तुकडा, वर वेगळा फ्रेटबोर्डच नाही, मग रॉड पाठीमागून घालून वर गडद अक्रोडाची पट्टी बसवली. मेस्त्री खूश.

आता तो कापलेला तारा. फ्रेटच्या चिरांसाठी त्यांनी आपली सगळ्यात बारीक करवत काढली. मी टाकाऊ तुकड्यावर एक चीर मारून घेतली आणि फीलर गेज घातलं: ०.९ मिमी. माझ्या फ्रेट वायरला ०.६ च्या आसपास हवी. अशा चिरेत फ्रेट धरतच नाही, बोटाने निघून येतो. शेवटी फ्रेटची करवत ऑनलाइन मागवली, त्यात आठ दिवस गेले. गिटारचं काम घेणार असतील तर ही करवत दुकानात हवी, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मापं मात्र माझीच होती. ६४८ मिमी स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) भागिले १७.८१७, म्हणजे पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ वर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असं करत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ ला आला पाहिजे. प्रत्येक माप नटपासूनच घेतलं. एका फ्रेटवरून पुढच्याचं घेत गेलं की बारीक चुका साठत जातात, हे लॅबमध्ये दरवर्षी मुलांना सांगते.

चिकटवताना मेस्त्रींचा हात बघण्यासारखा. गोंद लावलेली पट्टी क्लॅम्प आवळला की लोण्यासारखी सरकते. त्यांनी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या चिरेत बारीक भोकं पाडून डोकं छाटलेल्या दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, बसवल्या. पट्टी जागची हलली नाही. गोंद सुकल्यावर चुका पक्कडीने उपसल्या, आणि भोकं आता फ्रेटखाली आहेत, शोधूनही सापडणार नाहीत. सागाला तेल असतं म्हणून आधी थिनरने पुसून घेतलं आणि खाचेत गोंद उतरू नये म्हणून रॉडवर मास्किंग टेप लावली. टेपची आठवण माझी.

गोलाई शेवटी, कानस आणि पॉलिश पेपरने, बहुतेक मीच केली. पहिल्या फ्रेटपाशी सागाची जाडी १५ मिमी ठेवली. रॉडची खाच ९ मिमी, म्हणजे खाली उरले ६. दर दहा मिनिटांनी वर्नियर लावत होते. मेस्त्री हसत होते, पण थांबा म्हणाले नाहीत.

काम फेब्रुवारीत झालं. जुलैच्या धो-धो पावसात तपासलं तेव्हा सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट ०.२५ वरून ०.३५ मिमी झाली होती. रॉडला पाव फेरा दिला, जागेवर आली.

एकूण १,८०० रुपये घेतले. साग पात्याची धार खातो म्हणून धारेचे १५० वेगळे, आणि ते आधीच सांगून. फोन उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत जाऊन भेटायचं. क्रमाचा कागद न्या, नाहीतर परत पाठवतील. आणि गणपतीच्या आधी महिनाभर जाऊच नका. तेव्हा दुकानात माटव्यांशिवाय (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटींशिवाय) काही दिसत नाही, गिटार म्हटलं की मेस्त्री मान वर करूनही बघत नाहीत.