२,२३,९०० रुपयांचा आवाज

शिव्या घालायच्या असतील तर आधीच घालून घ्या. मी तीन आठवडे स्वतःला घालतोय, अजून संपलेल्या नाहीत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, एकोणीस वर्षं झाली. रोज स्टेनलेस कापतो, वाकवतो, वेल्ड करतो. आणि एकाने मला स्टेनलेसच्याच पाइपात गंडवलं. डॉक्टरला कुणी साखरेच्या गोळ्या विकाव्यात, तसं.

गाडी ऑडी टीटी, २०१६ ची, सेकंडहँड. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद. पन्नाशीच्या आत एक तरी दोन दारांची गाडी घ्यायची, हे कॉलेजपासूनचं वेड. घेतली. पळते झकास, पण आवाज म्हणाल तर मिक्सरचा. त्र्यंबक रोडला एखादी बुलेट शेजारून जाते आणि लोक तिच्याकडे बघतात, माझ्याकडे नाही. तर एक्झॉस्ट बदलायचा ठरवला. हौस होती, कबूल.

आणि मी डोळे मिटून गेलो नव्हतो हो. दोन महिने वाचत होतो. ॲक्सलबॅक म्हणजे फक्त मागचा डबा आणि टिपा, म्हणजे बाहेर दिसणारी पाइपाची टोकं. कॅटबॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटच्या, मागचं सगळं. डाउनपाइपला, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या पहिल्या पाइपाला, हात लावायचा नाही, कारण कॅट तिथेच टर्बोला चिकटून बसलेला असतो आणि तो काढणं बेकायदेशीर. हे सगळं मला पाठ होतं. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच रडायचं आहे.

ओझरकडे जाताना हायवेच्या सर्व्हिस रोडला एक मॉडिफिकेशनवाला होता. होता म्हणतो, कारण आता शटरला दुसऱ्याचं कुलूप आहे. ओळखीच्या दोघांनी त्याच्याकडे अलॉय आणि लाइटची कामं केलेली, चांगली केलेली. ही मंडळी अशीच असतात, लहान कामं चोख करून देतात. मी स्वतः जाऊन दुकान पाहिलं. लिफ्ट होती, टूल ट्रॉली होती, भिंतीवर युरोपातल्या नामांकित कंपन्यांची पोस्टर्स. त्यातल्या एका कंपनीचा व्हॉल्व्हवाला, आवाज कमी-जास्त करता येणारा कॅटबॅक तो मला देणार होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. ‘शेठ, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, टायटॅनियमच्या टिपा, दिल्लीच्या डिस्ट्रिब्युटरकडून, बिलासकट. आणि २५ एचपी वाढणार.’

टर्बो गाडीला नुसत्या कॅटबॅकने २५ एचपी म्हणणारा एकतर अडाणी असतो नाहीतर चोर. वाढली तर चार-दोन वाढते, तीही बुडाला जाणवत नाही. मी हसायला हवं होतं. मी मान डोलावली.

हिशेब लिहून ठेवतो, कारण तो आता मला झोपेतही म्हणता येतो. भाव २,१०,०००. जुना सायलेन्सर त्याला द्यायचा म्हणून १२,००० कमी, म्हणजे १,९८,०००. पहिल्या दिवशी यूपीआयने १,००,०००, दुसऱ्या दिवशी ४८,०००, फिटिंगच्या वेळी रोख ५०,०००. मध्येच ‘कस्टम्सचा फरक’ आला म्हणून १७,४००. फिटिंगचे ८,५००. एकूण २,२३,९००. घरी सांगितलेला आकडा १,१०,००० आहे, आणि ही ओळ बायकोपर्यंत पोचू नये अशी त्र्यंबकराजाचरणी प्रार्थना.

यूपीआयवर नाव आलं ते एका किराणा दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, ‘भावाचं खातं आहे शेठ, माझं लिमिट संपलंय.’ आपणही कधी कधी असं करतो ना? मीही करतो. म्हणून सोडून दिलं. सोडू नका. गॅरेजच्या पाटीवर जे नाव, तेच स्क्रीनवर दिसलं पाहिजे, नाहीतर पैसे खिशात.

बिल आलं पीडीएफमध्ये. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, पत्ता दिल्लीचा, पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी नंबर. नंबर आहे एवढं पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. मी! दर महिन्याला रिटर्न भरणारा माणूस! सगळं झाल्यावर तो नंबर वाचला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, दिल्लीचे ०७. याचे होते ०९, म्हणजे उत्तर प्रदेश. त्यापुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर कंपनी असेल तर ‘सी’ असतं, एकट्या माणसाचं असेल तर ‘पी’. या प्रायव्हेट लिमिटेडला ‘पी’ होतं. जीएसटीच्या साइटवर टाकला तर कुठल्यातरी कापडवाल्याचा निघाला, दोन वर्षांपूर्वी रद्द झालेला. हे सगळं करायला दोन मिनिटं लागली. पैसे देण्याआधीही दोनच लागली असती.

आता ती संध्याकाळ.

कॅटबॅक बदलायला दोन-तीन तास लागतात. लिफ्ट असेल आणि नट गंजलेले असतील तरी अर्धा दिवस. त्याने गाडी दोन रात्री ठेवून घेतली. ‘हँगर जुळत नाहीत शेठ, फिनिशिंग करून देतो.’ दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास मी न सांगता गेलो. शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो. गाडी लिफ्टवर, आणि बाकावर गोणपाटाखाली एक फुगीर पोटाचा पाइप, मधोमध ताजा कापलेला. मी विचारलं, ‘हे काय रे?’ तो म्हणाला, ‘वाट मोकळी करायला पुढचं सोडवावं लागतं शेठ. चहा घेणार?’

मी चहा घेतला.

खाली फरशीवर राखाडी चुरा पडला होता. मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असलेले तुकडे, ठिसूळ. मी त्यावर उभा होतो, बुटाखाली कुरकुरले. मला वाटलं, भिंतीचा गिलावा असेल. पोळ्यासारखी जाळी असलेला गिलावा नाशिकमध्ये कुठे मिळतो, हे त्या क्षणी मला कुणी विचारायला हवं होतं. तो माझ्या कॅटचा गाभा होता. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, भंगारात ते किलोने नाही, ग्रॅमने बघतात. कॅट कापायचा, आतली जाळी काढून घ्यायची, पोकळ डबा पुन्हा वेल्ड करून जागेवर बसवायचा. बाहेरून काहीही कळत नाही. मी तिथे कटिंग चहा पीत उभा राहून नव्या टिपांचा व्हिडिओ काढत होतो, निळसर रंगाच्या कशा चमकतात म्हणून. त्या व्हिडिओत मागे तो कापलेला पाइप दिसतो. रोज रात्री बघतो.

दुसऱ्या दिवशी गाडी घेतली. स्टार्ट केली आणि काय सांगू, अंगावर काटा. खर्जातला, छातीत वाजणारा आवाज. पाथर्डी फाट्याला पोरं वळून बघायला लागली. भाच्याला फोन करून ऐकवला. ज्या आवाजावर मी भाळलो, तो नव्या एक्झॉस्टचा नव्हताच. तो कॅट चोरीला गेल्याचा आवाज होता.

रविवारी इगतपुरीपर्यंत नेली. शंभरच्या स्पीडला गाडीभर घूंऽऽ असा घुमारा, कान बंद होतात, बायको घोटीला म्हणाली, ‘अहो, परत चला, डोकं दुखतंय.’ याला ड्रोन म्हणतात. रेझोनेटर, म्हणजे घुमारा मारणारा डबा, नसलेल्या किंवा नावालाच असलेल्या सिस्टीममध्ये येतोच. म्हणून एक्झॉस्ट कधीही फोनवरच्या व्हिडिओवरून निवडू नका. ज्याने लावलाय त्याच्या गाडीत आत बसून हायवेला ऐका, काचा वर करून.

साधारण चारशे किलोमीटरनंतर चेक इंजिनचा दिवा लागला. भाच्याकडे ब्लूटूथवाला स्कॅनर आहे, ९०० रुपयांचा. कोड आला पी०४२०. तो म्हणाला, ‘मामा, कॅट काम करत नाहीये. काढला का तुम्ही?’ मी म्हणालो, नाही. मग तो खाली घुसला आणि कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला लावलेला एक स्पेसर, म्हणजे छोटीशी नळी, काढून माझ्या हातावर ठेवला. सेन्सरला फसवून दिवा काही दिवस लांबवायची ही जुनी युक्ती. गॅरेजवाल्याने मुद्दाम तेवढी मुदत काढली होती. दुकान गुंडाळायला तेवढी पुरे.

मग मी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. खिशातलं चुंबक लावलं. माझ्या खिशात चुंबक असतं, भंगारवाले ३०४ म्हणून काय काय आणतात ते बघायला! टपकन चिकटलं. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, वाकवलेल्या जागी जरासं ओढलं तर ओढलं. हे कसंबसं ४०९, म्हणजे स्वस्तातलं स्टेनलेस, तेही बरं मानायचं. टीप ग्राइंडरला लावली. टायटॅनियमची ठिणगी पांढरीशुभ्र, दिवाळीतल्या अनारासारखी उडते. इथे साध्या पोलादाची पिवळी, आणि निळा रंग म्हणजे नुसता लेप. डबा कापला तर आत भरलेला भांडी घासायचा तारेचा काथ्या. डब्यावर गोलात ‘ई’, म्हणजे युरोपातल्या मंजुरीचा शिक्का, कोरलेला होता, पण शेजारी आकडाच नाही. खऱ्या मालावर मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा असतो, जर्मनीचा १, इटलीचा ३, ऑस्ट्रियाचा १२. चोराने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

गाडी मूळ स्थितीत आणावी म्हटलं तर जुना सायलेन्सर १२,००० ला मीच देऊन बसलेलो. तुमच्या गाडीवरून जे उतरतं ते त्याच संध्याकाळी घरी आणा. गॅलरीत ठेवा, पलंगाखाली ठेवा, बायको ओरडली तरी ठेवा. नवा कॅट आणि मूळ एक्झॉस्टचं कोटेशन आलंय ४,३६,५०० चं.

आता पोलिसांचं ऐका.

राहतो शहरात, गॅरेज ग्रामीणच्या हद्दीत. घराजवळच्या ठाण्यात गेलो तर ‘घटना तिकडची’. तिकडे गेलो तर ‘पैसे तुम्ही नाशकातून पाठवले’. हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणून सोय आहे, असं मी नम्रपणे म्हणालो. तर ठाणे अंमलदार म्हणाले, ‘मग तुम्हीच लिहा ना एफआयआर, खुर्ची देतो.’ तिसऱ्या फेरीला म्हणाले, ‘हा व्यवहार आहे, दिवाणीत जा.’ खोट्या जीएसटी नंबराचं बिल, दुसऱ्याच्या नावाचं खातं, कापून नेलेला कॅट, आणि दिवाणी! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मग कशासाठी छापलंय? चौथ्या फेरीला एक साहेब भेटले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, सुटलो. मग म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही सायलेन्सर बदलला. मोटार वाहन कायदा, कलम १९०(२). दहा हजार दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. लिहून घेऊ का?’

घरी येऊन बघितलं. कलम बरोबर आहे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. म्हणजे मीही धुतल्या तांदळाचा नाही, आणि हे त्या गॅरेजवाल्याला माझ्याआधी माहीत होतं. त्याचा सगळा धंदाच यावर उभा आहे, की तुम्ही ठाण्यात जायला लाजाल. पण मी दंड भरायला तयार आहे, त्याला पकडा म्हणतोय, यात अवघड काय आहे? माझा दंड घ्यायला पाच मिनिटं आणि त्याची चौकशी करायला मनुष्यबळ नाही?

बँकेचं तर विचारूच नका. ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय सर.’ शाखेतून कस्टमर केअर, तिथून ईमेल, ईमेलचं उत्तर आपोआप आलेलं, आणि तेही इंग्रजीत. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, तो पहिल्या काही तासांत. मी केला एकोणिसाव्या दिवशी, लाजेपायी. तोवर खात्यात शिल्लक होती ११ रुपये. यात मात्र चूक माझी. ग्राहक आयोगाचं वकिलांना विचारलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे खरं, पण गाडी मी घसाऱ्यासाठी फर्मच्या नावावर घेतलेली. ‘व्यावसायिक वापर म्हणतील,’ वकील म्हणाले, आणि सल्ल्याचे १,५०० घेतले. गाडी हौसेची असेल तर स्वतःच्या नावावर घ्या बाबांनो. विम्यालाही बदल कळवलेला नव्हता, म्हणजे उद्या कुठे धडकली तर तेही हात वर करायला मोकळे.

शेवटी बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने सगळं पाठवलं. पोचपावती आली आणि आठ दिवसांनी त्याच ठाण्यातून फोन. आवाज एकदम गोड. ‘शेठ, उद्या अकराला या, पंचनामा करू. गाडी घेऊन या. आणि तो सायलेन्सर लावलेला असू द्या, मुद्देमाल आहे.’

डबा मी कापलाय हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी पुन्हा वेल्ड केला. चालवत नेली तर वाटेतच चलान होणार, म्हणून गाडी उचलून न्यायला टेम्पोवाल्याला सांगितलंय. जायचे-यायचे ४,२००, आगाऊ मागत होता. दिले नाहीत.