बत्तीरमधील एक किराणा दुकान: उन्हाळ्याच्या मुक्कामानंतरचा अभिप्राय

बेथलेहेमच्या पश्चिमेला डोंगरउतारावर वसलेल्या बत्तीर या पॅलेस्टिनी गावात मी कामानिमित्त जून ते ऑगस्ट असे तीन महिने राहिलो. त्या काळात माझे जवळजवळ सगळे खाणेपिणे ज्या दुकानाच्या भरवशावर चालले, त्याविषयी हे लिहीत आहे. दुकानावर पाटी नाही. शेजारपाजारचे लोक त्याला नुसते ‘दुक्कान’ म्हणतात, आणि पुढे तिथेच ‘साबून’ आणि ‘हिसाब’ हेही शब्द कानावर पडू लागतात, त्यामुळे अरबी येत नसतानाही मराठी माणसाचे पहिल्या आठवड्यात फारसे अडत नाही.

माझे अडले ते ‘रतल’ या शब्दापाशी. आपल्या आजोबांच्या काळचा रतल म्हणजे अर्ध्या किलोहूनही थोडा कमी. इथला रतल तीन किलोंचा. मी ऐटीत एक रतल काकड्या मागितल्या, दुकानदाराने माझ्याकडे पाहुणे येणार असावेत असे समजून निवडून निवडून पिशवी भरली, आणि पुढचे पाच दिवस मी काकड्याच खात होतो. एकट्या माणसाने ‘वकिय्या’ म्हणजे पाव किलो मागावा.

दुकानाची खरी श्रीमंती भाजीत आहे. गावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीला २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. झऱ्याचे पाणी तिथे आठ कुळांमध्ये पाळीपाळीने वाटले जाते, म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो असे गावकरी सांगतात. त्या मळ्यांतली लांबट, कोवळी वांगी सकाळी दारातल्या खोक्यांत येतात. ती पोखरून, तांदूळ भरून शिजवण्याची इथली रीत आहे. मी मात्र दाण्याचे कूट घालून केली आणि ती अप्रतिम झाली. ऑगस्टमध्ये अंजिरे येतात, पण उन्हे चढायच्या आत गेलात तरच मिळतात.

झऱ्याच्या या गावात घरातले नळ मात्र उन्हाळ्यात अनेक दिवस कोरडे असतात आणि सगळी भिस्त गच्चीवरच्या काळ्या टाक्यांवर असते. अशा वेळी दुकानदार पाण्याच्या मोठ्या बाटल्या एकाच घराला ढीगभर देत नाही. मला सुरुवातीला ते खटकले. माझी टाकी रिकामी झाली त्या दिवशी माझ्यासाठी दोन बाटल्या शिल्लक होत्या, तेव्हा त्यामागचे कारण उमगले.

दुपारी दुकान बंद असते, ते ऊन उतरल्यावर उघडते आणि लग्नसराईत मध्यरात्र उलटली तरी चालू राहते, कारण हळदीसारखी मेंदीची रात्र आणि अंगणातला दबके नाच आटोपून परतणारी पोरे आइसक्रीमसाठी हमखास तिथे थांबतात.

उणिवाही आहेत. वस्तूंवर किमती लिहिलेल्या नसतात, बिस्किटांच्या पुड्यांवरची तारीख पाहूनच ती घ्यावीत, आणि वीज गेली की शीतकपाटातला लबने, म्हणजे पाणी निथळलेले घट्ट दही, आंबतो. त्यापेक्षा ऑलिव्हच्या तेलात बुडवलेले लबन्याचे गोळे घेणे शहाणपणाचे. किलोवर विकली जाणारी रोटी नऊनंतर उरत नाही.

पैसे देताना दुकानदार ‘खल्लीहा अलेना’, म्हणजे ‘राहू द्या, आमच्याकडून’, असे म्हणतो. तो केवळ शिष्टाचार आहे. आग्रह करून पैसे द्यायचेच असतात. पहिल्या दिवशी मी खरोखरच आभार मानून निघालो आणि दारात उभ्या असलेल्या आजीबाईंनी हसत हसत मला परत पाठवले. सोबत सुटे शेकेल असावेत. नसले, तर उरलेली रक्कम उधारीच्याच वहीत आपल्या नावे जमा राहते. माझे साडेतीन शेकेल अजून तिथेच आहेत.