मुलाला शाळेत किल्ट घालायचाय: भाड्याचा, विकतचा की स्वस्तातला?

किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांच्या कापडाचा, निऱ्या घातलेला, गुडघ्यापर्यंतचा घागऱ्यासारखा पोशाख. मुलासाठी तो कुठला आणायचा, हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये मुलं वाढवणाऱ्या आपल्या घरांत साधारण दोनदा येतो. एकदा मुलगा प्राथमिक शाळेत असताना, जानेवारीत स्कॉटिश कवी बर्न्सच्या कविता पाठ करायच्या असतात तेव्हा. आणि दुसऱ्यांदा माध्यमिक शाळेच्या सहाव्या, म्हणजे अखेरच्या वर्षाच्या शेवटी, शाळेतून बाहेर पडताना जो ‘लीव्हर्स बॉल’ होतो त्याच्या आमंत्रणावर ‘हायलँड ड्रेस (म्हणजे किल्टचा पूर्ण पोशाख) किंवा डिनर सूट’ असं लिहून येतं तेव्हा. आमच्याकडे दोन्ही वेळा दोन वेगळी उत्तरं निघाली, आणि ती दोन्ही बरोबर होती असं मला अजून वाटतं.

आधी एक शंका मिटवू, कारण व्हॉट्सॲपवर मैत्रिणी हेच पहिल्यांदा विचारतात: ‘आपण स्कॉटिश नाही, मग चालेल का?’ चालतं. कुळाचं टार्टन, म्हणजे चौकड्यांची ठरलेली नक्षी, कुळातल्यांनीच घालावं हा रिवाज आहे, कायदा नाही. बाल्मोरल टार्टन मात्र राजघराण्यासाठी राखीव आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाकी ब्लॅक वॉचसारखी टार्टन कुणीही घालतं. एडिनबरामध्ये टार्टनांची सरकारी नोंदवही आहे, २००८ च्या कायद्याने सुरू झालेली, आणि तिच्यात नवी टार्टन सतत जमा होत असतात. ‘सिंग’ नावाचं टार्टनसुद्धा आहे, १९९९ मधलं. शेजारच्या आजोबांना आमचा मुलगा किल्टमध्ये दिसला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून स्पोरन (किल्टवर पुढे लटकणारा बटवा) सरळ करून दिला, एवढीच काय ती ‘हरकत’.

आता मुद्द्याचं. किल्ट म्हणजे काय हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पुरुषाचा पारंपरिक किल्ट आठ वार लोकरी कापडाचा असतो. आपल्या नऊवारीपेक्षा एक वार कमी! पुढे एकावर एक दोन सपाट पदर, मागे सगळ्या निऱ्या, आणि त्या निऱ्या अशा घातलेल्या की चौकड्यांची नक्षी मागेही न तुटता दिसावी. पण नऊवारीत आणि यात एक मोठा फरक आहे, आणि तुमचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. किल्टची खालची कड म्हणजे कापडाची मूळ काठच असते. तिथे दुमड नाही. कंबर वाढली तर बकलं दोन-तीन इंच इकडेतिकडे हलवता येतात, पण मुलगा उंच झाला तर खाली सोडायला काहीच नसतं. लहान मुलांच्या काही किल्टना वरच्या बाजूला आत कापड दुमडून ठेवतात, तेवढीच सोय.

म्हणून वाढत्या मुलासाठी नवा लोकरी किल्ट शिवून घेणं मला उधळपट्टी वाटते. हाताने शिवलेला, पूर्ण आठ वारांचा किल्ट साधारण चारशे ते सहाशे पौंडांना पडतो, तोही नुसता किल्ट. जॅकेट, स्पोरन, मोजे, बूट वेगळे. वर शिवून यायला दोन महिने सहज लागतात. चौदा वर्षांच्या मुलाचे दोन महिन्यांत पाय किती वाढतात हे आयांना सांगायला नको.

भाड्याचं गणित याच्या उलट. सत्तर ते सव्वाशे पौंडांत डोक्यापासून पायापर्यंत सगळं मिळतं: किल्ट, प्रिन्स चार्ली किंवा आर्गाइल जॅकेट, वेस्टकोट, शर्ट, बो-टाय, स्पोरन, पट्टा, लांब मोजे, मोज्यांवर लटकणाऱ्या रंगीत फ्लॅश आणि घिली ब्रोग बूट. धुवायचं नाही, दुसऱ्या दिवशी तसंच नेऊन द्यायचं. तोटा असा की टार्टनची निवड दुकानात जे आहे त्यातली, आणि मे-जूनमध्ये सगळ्या शाळांचे बॉल आणि सगळ्या गावची लग्नं एकाच वेळी असल्याने चांगली मापं लवकर संपतात. फेब्रुवारीत जाऊन माप देऊन ठेवा.

मापाच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक सांगते. मी मुलाच्या जीन्सची कंबर लिहून दिली. किल्ट जीन्सच्या जागी बसत नाही, तो बेंबीच्या रेषेत बांधतात, आणि तिथलं माप हटकून जास्त निघतं. बॉलच्या आदल्या दिवशी पिशवी उघडली तर बकलं लागेनात. धावपळ करून बदलून आणला, पण दुसरा मिळाला तो एका बोटाने लांब. लांबीची खूण सोपी आहे: गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध. मुलाला गुडघ्यांवर बसवा, किल्टची कड जमिनीला टेकता कामा नये, जेमतेम वर राहिली पाहिजे. मुलांना शॉर्टच्या सवयीने तो खाली कमरेवर ओढून घ्यायचा असतो. तसा घातला की मागच्या निऱ्या उघडतात आणि सगळं ध्यान होतं.

तिसरा पर्याय पॉलिव्हिस्कोसचा, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाचा. चाळीस पौंडांपासून मिळतो, मशीनमध्ये धुता येतो, टोचत नाही. लोकरीला कसर लागते, याला लागत नाही. जाणकार लोक नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही: कापड हलकं असल्याने निऱ्या जड लोकरीसारख्या झुलत नाहीत आणि अ‍ॅबरडीनच्या वाऱ्यात तो स्थिर राहत नाही. पण प्राथमिक शाळेतल्या बर्न्स दिवसाला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी किंवा नाताळाआधीच्या केलीला (स्कॉटिश नाचगाण्याच्या कार्यक्रमाला) दुसरीतला मुलगा हॅगिस (मेंढीच्या मांसाचा स्कॉटिश पदार्थ) सांडणार, जमिनीवर घसरणार. तिथे मी डोळे मिटून हाच घेईन. घेतलाही. तीन वर्षं टिकला, मग पुतण्याला गेला.

जुना लोकरी किल्ट हा चौथा, आणि माझ्या मते सतरा वर्षांच्या मुलासाठी सगळ्यात शहाणा पर्याय. एव्हाना उंची बहुतेक थांबलेली असते. चॅरिटी शॉपमध्ये किंवा ओळखीतून शंभर-दीडशेला चांगला मिळू शकतो. घेताना उजेडात धरून कसरीची भोकं बघा, कातडी पट्टे वाकवून बघा, निऱ्यांच्या वरच्या शिवणी ओढून बघा. विद्यापीठात गेल्यावर मित्रांची लग्नं, पदवीदान, रग्बीचे सामने असं सगळीकडे तो वापरला जातो. दोनदा भाड्याने आणण्याच्या खर्चात तो वसूल.

ज्याला पाय उघडे टाकायचे नाहीत त्याच्यासाठी ट्रूज आहेत, म्हणजे टार्टनची तंग विजार. तीही पारंपरिकच. आणि मुलाला बंदगळाच घालायचा असेल तर तोही घालू दे. ‘हायलँड ड्रेस किंवा डिनर सूट’ लिहिलेल्या आमंत्रणाला बंदगळ्यात गेलेली मुलं मी पाहिली आहेत, कुणी अडवलं नाही. फक्त शाळेला आधी एक ओळ मेल करा.

शाळेच्या नियमांचं मात्र गावाप्रमाणे बदलतं. स्कॉटलंडमध्ये गणवेश कायद्याने सक्तीचा नाही, शाळा आणि कौन्सिल ठरवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने गणवेशाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा रोख खर्च कमी ठेवण्यावर आहे. समारंभाला किल्ट हा तिथे प्रश्नच नसतो. डनब्लेनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्कूलमध्ये, जिथे सैनिकांची मुलं शिकतात, संचलनाला किल्ट आणि पाइप बँड असतोच. रोज साध्या शाळेत किल्ट घालून जायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी. रंग आणि टार्टन गणवेशात बसतं का ते मुख्याध्यापक बघणार.

इंग्लंडमध्ये राहत असाल तर रोजच्या वापरासाठी ‘ही आमची संस्कृती’ एवढ्यावर विसंबू नका. शीख मुलाच्या पगडीचा प्रश्न १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि मुलाच्या बाजूने सुटला, पण पगडी आणि किल्ट एका तागडीत तोलता येत नाहीत. अमेरिकेत तर प्रत्येक डिस्ट्रिक्टचा नियम निराळा. २००५ मध्ये मिसुरीतल्या एका हायस्कूलने नाचाच्या कार्यक्रमाला किल्ट घालून आलेल्या मुलाला पँट घालून यायला लावलं आणि ते प्रकरण देशभर गाजलं. तिथे लेखी परवानगी घेऊनच पैसे खर्च करा. गंमत अशी की ज्याला आज ‘औपचारिक नाही’ म्हणून अडवतात, त्याच कपड्यासाठी १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलांना पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग होता, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापलीकडे हद्दपारी. १७८२ मध्ये तो रद्द झाला.

आणि तो सुरा. उजव्या मोज्यात खोचायचा छोटा सुरा, त्याला स्कीअन डू म्हणतात, भाड्याच्या संचात बहुधा येतोच. स्कॉटलंडच्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून पातं बाळगण्याचा बचाव आहे, शाळेच्या आवारातसुद्धा. पण बचाव म्हणजे परवाना नव्हे, आणि शाळा स्वतःच्या नियमाने तो बंद करू शकते. दुकानात मागितलं तर नुसती मूठ असलेला, पातं नसलेला प्लास्टिकचा मिळतो. तोच घ्या. मोज्यातून मूठच दिसते, खाली काय आहे कोण बघतंय! अमेरिकेत तर मूठसुद्धा घरी ठेवा. विमानाने जाताना खरा असेल तर चेक-इनच्या बॅगेत.

आत काय घालायचं, हा प्रश्न काकालोक डोळे मिचकावून विचारतील. शाळेच्या कार्यक्रमात आत चड्डी, शक्यतो काळी शॉर्ट. ‘स्ट्रिप द विलो’ नाचताना मुलं एकमेकांना गरागरा फिरवतात आणि फोन सगळ्यांच्या हातात असतात.

कुठलाही पर्याय घ्या, दोन दिवस आधी घरी पूर्ण पोशाख चढवून बघा. किल्टची शोभेची पिन फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदर एकत्र टोचले की किल्ट फाटतो. घिली ब्रोगला जीभ नसते. नाडी घोट्यावर गुंडाळून पुढे बांधायची, रोमन सैनिकासारखी पोटरीवर चढवायची नाही. आमच्याकडे ही तालीम स्वयंपाकघरात झाली. धाकटीने फोनवर ॲकॉर्डियन लावलं, थोरल्याने तिला दोन गिरक्या दिल्या, आणि स्पोरन सरळ ओट्याच्या दांड्याला अडकला. नाचताना तो कमरेच्या बाजूला सरकवून घ्यायचा असतो हे आम्हाला तेव्हा कळलं.